तांदळात लिहिलेलं नाव

या, आत या. अंगणात चपला घालून उभ्या-उभ्या बोलायची ही कसली पद्धत? तो फोन ठेवा जरा बाजूला आणि सरकून माझ्या जवळ बसा, मला हल्ली लांबचं ऐकू कमी येतं. तुम्ही मंडळी येता, "बऱ्या आहात ना?" विचारता आणि मी तोंड उघडायच्या आत निघालेली असता. आमच्या शेजारणीने तुम्हाला असं जाऊ दिलं नसतं. तिने पदर कमरेला खोचला असता, बाकड्यावरची नसलेली धूळ हाताने दोनदा झटकली असती आणि म्हणाली असती, "नाय म्हणाच्या आदी बसान घे."

हे तिचं ठरलेलं वाक्य. पोस्टमन असो, मीटर बघायला आलेला असो, की वर्गणी मागायला आलेली पोरं असोत, सगळ्यांना तेच. माणूस एकदा बसला की त्याला नाही म्हणायला जड जातं, असा तिचा हिशोब.

तिचं नाव मी लिहीत नाही. वाडीत तरी तिला नावाने कोण हाक मारत होतं? लहान-मोठी सगळी तिला वयनीच म्हणायची. तुम्हीही वयनी म्हणा. नावाचं पुढे येणारच आहे, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक चिऱ्याचा गडगा, म्हणजे ठेंगणी दगडी भिंत. तो माझ्या कमरेइतका, तिच्या जरा वर, कारण ती बुटकी. गडग्यापलीकडून शिलाई मशीनचा आवाज आला की समजावं, वयनी कामाला बसली. अख्ख्या वाडीचे ब्लाऊज तिने शिवलेले. मी माप द्यायला गेले की पोट आत ओढून उभी राहायची. ती टेप खाली ठेवायची आणि म्हणायची, "काकी, श्वास सोड आदी. असा माप दिलंस तर ब्लाऊज कपाटातच रवतलो."

तिचा नवरा मालवाहू बोटीवर होता. वर्षाचे बरेच महिने पाण्यावर, मग सुट्टीवर आला की घरात चॉकलेटं, सेंट आणि रोज मटण. मुलगी अजून शाळेतच होती तेव्हा तो कुठल्यातरी दूरच्या बंदरात तापाचं निमित्त होऊन गेला. त्याचे पैसे आणि कागद मिळवायला वयनी मुंबईला बोटीच्या कंपनीत गेली, मी तिच्यासोबत होते. टेबलापलीकडचा माणूस चांगला होता, आवाजही चढवला नाही त्याने. पण त्याने विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

ती म्हणाली, "बायको."

"कशावरून?"

तिने पिशवीतून लग्नाचा फोटो काढून टेबलावर ठेवला. लग्नाला अख्खी वाडी जेवली होती, पण नोंदणी कोणी केली होती? तेव्हा करतच नव्हते कोणी. शेवटी सरपंचाच्या दाखल्यावर भागलं. परत येताना गाडीत ती एवढंच बोलली, "काकी, तेची कोण, ह्या माका सिद्ध करूचा लागला." मग कणकवली येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

हे तुम्हाला आधी सांगितलं, कारण नाहीतर पुढचा तिचा हट्ट तुम्हाला खुळेपणाचा वाटेल.

मुलगी नर्स झाली. मग रोज संध्याकाळी ओटीवर बसून जर्मन भाषा घोकायला लागली. ते शब्द इतके लांब की वयनी म्हणायची, "एक शब्द संपासर भाताक कढ येता." आणि एक दिवस गेली पोर जर्मनीला. तिकडच्या हॉस्पिटलात लागली. तिथेच, ऑपरेशन झालेल्या लोकांना व्यायाम शिकवणारा एक मुलगा तिला आवडला. दोघं एकदा इथे येऊनही गेली. उंच, लाजाळू, गोरा मुलगा. दारातून आत येताना पहिल्याच दिवशी कपाळ आपटून घेतलं. बांगडा पुढ्यात आला तेव्हा काटा कसा काढायचा हे त्याला कळेना. वयनी शेजारी बसून काढून देत होती. जेवण झाल्यावर तो उठला, स्वतःचं ताट उचललं आणि न्हाणीवर नेऊन घासून टाकलं. वयनीने गडग्यावरून मला निकाल सांगितला, "काटे खावक येनत नाय, पण ताट घासता. चलात."

लग्न कुठे करायचं, यावर घरात चर्चा झाली. सगळ्यांचं म्हणणं, देवळात माळ घाला, फोटो काढा, मोकळे व्हा. वयनी म्हणाली, "रवतले थय, तर लगीन थयच्या कायद्यान होवंदे." मुलीचंही तेच मत होतं.

आता तिथला कायदा. त्या गावच्या नोंदणी कचेरीने मुलीकडे काय काय मागितलं ते ऐका. जन्माचा दाखला. याआधी लग्न झालेलं नाही असा दाखला. सगळ्यांची त्यांच्या भाषेत भाषांतरं, शिक्क्यांसकट. आणि एवढं सगळं देऊनही ते त्यावर विश्वास ठेवणार नाहीत. त्यांची इथली वकिलात एक वकील नेमणार, तो आपल्या गावी येणार, न सांगता, आणि शेजारीपाजारी विचारून हे सगळं खरं आहे का ते बघणार. मी म्हटलं, "ही तर आपली स्थळाची चौकशी झाली गो!" वयनी म्हणाली, "होय, पण हे पोहे न खाता जातले."

अविवाहित असल्याच्या दाखल्यासाठी ती ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीत गेली. मला घेऊन गेली, एसटीत सोबत म्हणून. कचेरीत शिरली की वयनीची भाषा बदलायची, पुस्तकातली व्हायची. ती टेबलापाशी जाऊन म्हणाली, "साहेब, नाही म्हणायच्या आधी बसून घ्या."

साहेब म्हणाले, "मी बसलेलोच आहे, बाई."

"मग मी बसते," म्हणाली आणि बसली.

त्यांनी कागद वाचला. "मुलगी अविवाहित आहे हे कशावरून?"

"तिचं लग्न करायला मी इथे आले आहे, यावरून."

साहेब हसले. आणखी काही कागद आणायला सांगितले, पण हसून. पुढच्या फेरीला ते काम झालं. ती फाइल छातीशी धरून कचेरीच्या पायऱ्या उतरली, तेव्हा मला वाटलं, झालं लग्न.

मग तो वकील आला.

मे महिना होता. वयनी अंगणात कोकमं फोडत बसली होती, दोन्ही हात लालभडक. गेटाशी एक शर्ट-पँटवाला माणूस उभा राहिला, हातात पातळ फाइल. त्याने एक नाव घेतलं आणि विचारलं, "या बाई इथेच राहतात का?"

वयनी म्हणाली, "नाय ओ. अशी कोण नाय हयसर."

मुलीचं नाव न काढता त्याने कोपऱ्यावरच्या दुकानात तेच विचारलं. दुकानदारही म्हणाला, नाही. आणखी दोन घरी विचारलं. कोणालाच ती बाई माहीत नव्हती. माणूस उन्हातून आला तसा उन्हातून गेला. मी त्या दिवशी कुणकेश्वरला दर्शनाला गेले होते.

संध्याकाळी मी परत आले तर वयनी गडग्याला धरून उभी. लाल हात तसेच, धुतलेलेसुद्धा नाहीत.

"काकी, तो माणूस माका शोधी होतो."

"कोण माणूस?"

"वकील. तेना माझा माहेरचा नाव घेतल्यान. आणि मीच तेका सांगलंय, अशी कोण नाय म्हणान."

आता तुम्ही म्हणाल, स्वतःचं नाव कोण विसरतं? तुमच्यात अजून आहे की नाही माहीत नाही, पण आमच्या वेळी लग्नात मुलीचं नाव बदलायचं. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. त्या दिवसापासून माहेरचं नाव माहेरी. वयनीची मुलगी जन्मली ती आजोळी. दाखला काढायला वयनीचे वडील गेले. त्यांनी आईचं नाव म्हणून आपल्या लेकीचं जे नाव स्वतः ठेवलं होतं, तेच सांगितलं. बापाच्या तोंडात दुसरं कुठलं येणार? मुलीच्या पुढच्या सगळ्या कागदांवर मात्र आईचं सासरचं नाव. परक्या देशातल्या त्या कचेरीला वाटलं, या मुलीला आया दोन. आणि गावात चौकशी केली तर त्यातली एक सापडतच नाही.

"ता नाव फकत बापूस घेय," वयनी म्हणाली. "तो गेलो आणि माझ्या कानातसून ता नाव पण गेला."

मी तिला म्हटलं, "बाकी सगळ्या जगाला बसवतेस, त्या एकाला नेमकं उभ्याने परत पाठवलंस." ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

थोड्याच दिवसांत तिकडून कळलं, चौकशीत आईचा पत्ता लागत नाही, कागद मंजूर होत नाहीत. मुलीचा फोन आला. आवाज मोठा ठेवला होता, म्हणून मीही ऐकला. पोर दमली होती. म्हणाली, "आई, राहू दे आता. इथे लग्नाशिवायही राहतात लोक. कोणी काही बोलत नाही."

मला वाटलं, वयनी आता लोकलाज काढणार, देव काढणार. ती फोनजवळ सरकली. मग म्हणाली, "लोकांचा माका काय पडलेला नाय गो. तुझो बापूस गेलो तेवा माका इचारल्यानी, तू तेची कोण? उद्या तू थय आजारी पडलंस आणि ह्या झिलाक कोणी दारात अडवल्यान, तू तिचो कोण म्हणान, तर तो काय दाखयतलो? फोटो?"

पलीकडे मुलगी रडायला लागली. वयनीने तिला रडू दिलं आणि मग म्हणाली, "मी आसंय. मी बघतंय."

आणि बघितलंन हो तिने! माहेरी जाऊन भावाला घेऊन शाळेतला दाखला काढला. दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र केलं, नाव बदलल्याचं सरकारी राजपत्रात छापून आणलं. सगळं तिकडे पाठवलं. उत्तर आलं, ठीक आहे, पुन्हा वकील पाठवतो. पुन्हा न सांगताच.

म्हणजे तो कधी येणार हे माहीत नाही, कोणाला विचारणार हेही माहीत नाही. तेव्हा वयनीने ठरवलं, अख्ख्या वाडीलाच तयार करायचं. दुसऱ्या दिवसापासून ती घरोघर गेली. "आजपासून माका माझ्या माहेरच्या नावान हाक मारा." लोकांनाही काय, चेवच चढला. दुकानदार तांदूळ मोजताना ते नाव म्हणायचा. मासे घेऊन येणारी गेटातून आरोळी ठोकायची. पहिले काही दिवस वयनी हाकेला ओ द्यायची नाही, मागे वळून बघायची, कोणाला बोलावतायत म्हणून. मग हळूहळू द्यायला लागली. एकदा मी गडग्यावरून त्या नावाने हाक मारली, तर ती परकर-पोलक्यातल्या पोरीसारखी धावत आली. आली आणि स्वतःच लाजली.

सगळ्यांनी घेतलं ते नाव, फक्त एकाने नाही. तिचा थोरला दीर. एकाच घराचे दोन भाग, एकात ही, दुसऱ्यात तो आणि त्याची बायको. धाकट्या भावावर त्याचा फार जीव. तो भडकला. "माझ्या भावान ठेवलेला नाव टाकतंस? आता म्हातारपणाक माहेर आठावला?"

वयनी म्हणाली, "भावजी, टाकूक नाय. दोन्ही माझीच आसत."

पण त्याने बोलणंच टाकलं. समोरासमोर आला तरी माडाकडे बघत जायचा. नारळ पाडले की तिच्या वाटणीचे दारात ठेवायचा, पण हाक नाही. श्रावण लागला तरी अबोला तसाच.

आणि भर पावसात वकील आली. या खेपेला बाई होती, तरुण, रेनकोट घातलेली, चष्म्यावर पाणी. तिने दुकानात ते नाव विचारलं मात्र, आमचा दुकानदार दुकान उघडं टाकून निघालाच. वाटेत जो भेटेल त्याला सांगत, "इली! वकीलीणबाय इली!" पाच मिनिटांत वयनीची ओटी भरली. वयनीने बाकडं झटकलं, बाईंना बसवलं, टॉवेल दिला.

बाईंनी विचारलं, "या कोण?" ओटीवरचे सगळे एका सुरात ते नाव म्हणाले. शाळेत प्रार्थना म्हणतात ना, तसं.

बाईंनी चष्मा पुसला. "एकेकाने सांगा."

एकेकाने सांगितलं. नाव, बापाचं नाव, माहेरचं गाव, त्याच क्रमाने, तेच शब्द. बाईंचा चेहरा बदलत गेला. त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळे पाठ केल्यासारखं बोलताय."

दुकानदार अभिमानाने म्हणाला, "मगे! आमका वयनीन शिकवल्यान!"

बाईंनी फाइल मिटली. मी पुढे होऊन म्हटलं, "अहो, मी यांना लग्नाच्या आधीपासून..." त्यांनी हात वर केला. "तुम्हालाही शिकवलं असेल ना, आजी?" शिकवलं होतंच की. वयनी खांबाला टेकून उभी होती. तिचं ते वाक्य तिला तेव्हा सुचलं नाही.

आणि मधलं दार उघडलं. थोरला दीर बाहेर आला, गंजीफ्रॉकवर, हातात अडकित्ता तसाच. वयनीकडे बघितलं नाही. बाईंसमोर उभा राहिला आणि आमच्या त्या माणसाने आयुष्यात कधी बोलला नसेल इतक्या सावकाश शुद्ध मराठीत सुरुवात केली.

"मला कोणी शिकवलेलं नाही. मी या बाईशी दोन महिने बोलत नाही. कोणालाही विचारा."

बाईंनी आमच्याकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. ते काही पाठ केलेलं नव्हतं.

"का बोलत नाही?" बाईंनी विचारलं.

"नावावरून. लग्नात तांदळाचं ताट मी धरलं होतं. भटजींनी विचारलं, मुलीचं नाव काय? हिच्या वडिलांनी सांगितलं." इथे त्याने ते नाव घेतलं, कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा, आणि जरा थांबला. "मग माझ्या भावाने तांदळात नवं नाव लिहिलं. वडील त्या ताटाकडे बघत होते. मग डोळे पुसले. ते तांदूळ मीच घरात नेले. दुसऱ्या दिवशी त्यांचाच भात केला, आम्ही सगळे जेवलो." त्याने अडकित्ता या हातातून त्या हातात घेतला. "तिला कसं वाटलं, आमच्या घरात कोणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं."

मग स्वतःच्या बोलीत, एकदम, "हीच ती. दोन्ही तीच. लिवन घे गो बाय, आणि सही खंय करूची ती दाखय."

बाईंनी फाइल पुन्हा उघडली. बराच वेळ लिहीत होत्या. त्याची सही घेतली. मग मलाही विचारलं, इतरांनाही विचारलं, पण आता वेगळं विचारलं. लग्नात जेवायला काय होतं, मुलगी जन्मली तेव्हा निरोप कोणी आणला. त्यावर जो गोंधळ उडाला, एक म्हणतो खीर होती, दुसरा म्हणतो लाडू, त्यात बाई पहिल्यांदा हसल्या. पोहे खाऊन गेल्या, हेही सांगते.

दीर आत जायला वळला तेव्हा वयनी म्हणाली, "भावजी, चाय घेतास?"

तो म्हणाला, "साखर कमी."

पाऊस संपायच्या आत मंजुरी आली, आणि थंडीत तारीख मिळाली. वयनी विमानाने गेली, गोव्यातल्या मोप्याहून, मुलीचा ब्लाऊज स्वतः शिवून घेऊन. लग्नाच्या दिवशी आम्ही सगळे दिराच्या घरात फोनभोवती. तिकडे सकाळ, इथे दुपार. साधी कचेरी, टेबल, फुलं. साहेबीणबाईंनी दोघांना विचारलं, दोघांनी हो म्हटलं. मग साहेबीणबाईंनी आणखी काही विचारलं आणि जावयाने लगेच उत्तर दिलं. मुलगी त्याच्याकडे बघतच राहिली, मग हसत-रडत फोनकडे वळून आम्हाला सांगितलं. त्यांच्याकडे विचारतात, दोघांचं आडनाव कुठलं ठेवणार? तो म्हणाला, तिचं. त्याने कचेरीला आधीच कळवून ठेवलं होतं, तिला मात्र पत्ता लागू दिला नव्हता.

दीर फोनच्या अगदी जवळ गेला, नाक टेकेल इतका. "काय म्हणता तो? आमचा आडनाव?"

"होय, काका."

तो मागे सरकला. गंजीफ्रॉकवर होता तो आत जाऊन शर्ट घालून आला आणि परत फोनसमोर बसला.

वयनीने मग तो लग्नाचा कागद फोनसमोर धरला. उलटा धरला होता. कोणी तिला सांगितलं नाही. त्या कागदापलीकडे तिचा चेहरा अर्धाच दिसत होता, पण मी सांगते तुम्हाला, एवढी ताठ उभी राहिलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. बुटकी आहे हे विसरायला झालं.

ती अजून तिकडेच आहे. मुलीचं मन भरत नाही आणि व्हिसा आहे तोवर ती सोडत नाही. इकडे मशीनवर चादर घातलेली, गडग्यापलीकडे दिवसभर आवाज नाही. माझा एक ब्लाऊज एका बाहीचा राहिलाय.

काल थोरला दीर गडग्याशी आला. हातावर चुन्याचे डाग. तिच्या भागाच्या भिंतीला रंग काढतोय. म्हणाला, "काकी, तू लिवतंस ना? मगे तिका लिव. शिमग्याक जावयाक घेवन येवक सांग. दार उच करून घेतंय म्हणान, कपाळ लागूचा नाय. बेगीन येवक सांग."

लिहिलं. वयनी, बाय गो, ऐकलंस ना? लवकर बोलावलंय. बेगीन ये.